नागलीवर दिलेला शब्द

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. बाजारात, लग्नघरी, जीपच्या थांब्यावर आमच्या पहिल्या नगराध्यक्षाबाईंचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "बाई चांगली होती, पण राजकारण कळलं नाही. नगरसेवक सांभाळता आले नाहीत." मी तिथं असलो की होकारार्थी मान हलवायचो.

जव्हार-मोखाड्याकडच्या आमच्या लहानशा गावाला नगरपंचायत मिळाली आणि अध्यक्षपद आदिवासी महिलेसाठी राखीव निघालं. तिला मीच उभं केलं. आश्रमशाळेत ती माझी विद्यार्थिनी होती, नंतर पाड्यावर बचत गट चालवायची. मीही आदिवासीच, पण पेठेत, म्हणजे गावच्या बाजारभागात, स्थायिक झालेला निवृत्त शिक्षक, नगरसेवक म्हणून निवडून आलेला. आम्हा पेठेतल्या जाणत्यांचा विचार असा की सही तिची, कारभार आमचा.

उन्हाळा आला आणि ते बिनसलं. टँकर आधी पेठेत यायचा, उरलं तर पाड्यांवर. तिनं ते उलटं केलं. नळयोजनेचं कामही पाड्यांकडून सुरू करायचं ठरवलं. मी भर सभेत म्हणालो, "अध्यक्षबाई, हे आधी आमच्या कानावर घालायचं होतं."

ती हसून म्हणाली, "गुरुजी, मागच्या बाकावरच्याला आधी विचारायचं, हे तुम्हीच शिकवलं ना?"

सगळे हसले. मलाही हसावं लागलं. तो सल मात्र गेला नाही.

पेठेतल्यांनी अविश्वास ठराव आणला. माझ्या एका मतावर सगळं अडलं होतं. ती आणि तिचा दीर माझ्या घरी आले. दीरही नगरसेवक होता. तिनं काही मागितलं नाही. पडवीत सुपात नागली, म्हणजे नाचणी, होती. आमच्या लोकांत धान्य म्हणजे कणसरी, देवी. ती हातात घेऊन दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मीच उठलो, मूठभर नागली घेतली आणि म्हणालो, "कणसरीची आण, माझं मत तुझ्याकडे." तिनं माझ्या मुठीला हात जोडले.

अंगणात दीर तिला म्हणाला, "वहिनी, तरी आपल्या बाजूच्या सगळ्या नगरसेवकांना मतदानापर्यंत नाशकाला नेऊन ठेवू. समोरचे माणसं फोडायला गाडी घेऊन फिरतायत. गुरुजींनाही नेऊ. देवदर्शन होईल, मटण होईल."

"तुला मटणाला निमित्तच पाहिजे," ती म्हणाली. "गुरुजींनी कणसरी हातात घेतली. आता माणसाला कोंडून ठेवायचं म्हणजे देवीवरच भरवसा नाही असं होईल."

कुणी कुठे गेलं नाही.

मग समोरचे माझ्याकडे आले. उपाध्यक्षपद देतो म्हणाले. त्यापेक्षा त्यांच्यातल्या एकाचं बोलणं माझ्या मनात जास्त शिरलं. "गुरुजी, शिकवलेल्या पोरीच्या हाताखाली बसता, बरं दिसतं का?" असं कुणीतरी म्हणावं याची मी वाटच बघत होतो, असं आता वाटतं.

सभेला तालुक्याचे अधिकारी होते. त्यांनी विचारलं, "ठरावाच्या बाजूने कोण?" पेठेतले हात वर गेले. ती शांत बसली होती. मी हात वर केला.

दीर ओरडला, "गुरुजी, हात खाली घ्या!"

त्याला वाटलं माझा घोटाळा झाला. तिलाही तेच वाटलं. वर्गात चुकणाऱ्या मुलाला सांभाळून घ्यावं तशी ती हळूच म्हणाली, "गुरुजी, हे त्यांचं चाललंय. आपलं नंतर आहे."

मी हात खाली घेतला नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. अधिकाऱ्यांनी हात मोजले.

नळाचं काम पेठेत सुरू झालं आणि पेठेतच संपलं. नागलीचं तिनं कुणाला सांगितलं नाही, दिरालाही बोलू दिलं नाही. मग गावानं चूक तिचीच ठरवली: माणसं बांधून ठेवली नाहीत, तिला जमलं नाही. मी उपाध्यक्ष झालो.

ती आता सूर्यमाळकडे माहेरची शेती बघते. मागच्या उन्हाळ्यात मी मन घट्ट करून तिकडे गेलो. ओटीवर पाड्याची माणसं जमली होती. पंचायत समितीला तिला उभं करायचं चाललं होतं. एक म्हातारा अडून बसला होता. "बाई कामाची आहे," तो म्हणाला, "पण हिला माणसं धरून ठेवता येत नाहीत. मागं काय झालं ते ठाऊक आहे ना?"

ती मला बघून उठली. "या गुरुजी. यांनीच मला पुढं आणलं," तिनं सगळ्यांना सांगितलं.

म्हातारा माझ्याकडे वळला. "मग तुम्हीच सांगा गुरुजी, खोटं बोलतो का मी?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ती चहाचा कप घेऊन दारात थांबली होती. मी म्हणालो, "तो तुमचा पाड्याचा निर्णय." चहा प्यालो आणि परतीची जीप धरली. त्यांनी दुसऱ्यालाच उभं केलं.

त्या ओटीवर, त्या माणसांसमोर मला एवढंच म्हणायचं होतं: बाबांनो, हिला माणसं धरता येतात. हिनं मला माझ्या शब्दानं धरलं होतं. मी तो मोडला. चूक माझी आहे, हिची कधीच नव्हती. पोरी, मला माफ कर.