पायाळूची कंबर

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि डोकं नंतर. अशा माणसाने पाठीला पाय लावला की भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्यामुळे चालायला लागल्यापासून मी थोरामोठ्यांना लाथा घालत आले आहे. दुखणारं माणूस पालथं झोपतं, मी त्याच्या कमरेला उजवा तळपाय हलकेच तीनदा लावते आणि मग वडीलधाऱ्याला पाय लागला म्हणून वाकून नमस्कार करते. शाळेत मी विज्ञान शिकवते. स्टाफरूममध्ये यावरून माझी यथेच्छ थट्टा होते, आणि थट्टा करणारेच मधल्या सुट्टीत कंबर धरून हळूच माझ्याकडे येतात. उसण खरोखर उतरते का, हे मला अजून कळलेलं नाही. माणसं उठताना हसत उठतात, एवढं मात्र पाहिलंय.

लग्न होऊन सासरी कामतघरला आले त्याच महिन्यात सासूबाईंच्या पाठीत उसण भरली. त्या खाडीकाठच्या गावातल्या, भाताच्या शेतात वाकून वाकून कंबर कामातून गेलेली. नवी सून सासूला लाथ मारणार म्हटल्यावर शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या. मला घाम फुटला होता. सासूबाई पालथ्या पडूनच म्हणाल्या, "मार बाय. बाकीच्यांच्या सुना मनातल्या मनात मारतात, माजी समोर मारतेय." सगळ्या बायका हसल्या, मीही हसले, आणि तिथून आमचं जमलं ते जमलंच.

त्या वर्षी गौरीला त्यांनी मला फुगडीला ओढलं. मी उंच, त्या बुटक्या, पण पाय असे घट्ट रोवायच्या की मला उडाल्यासारखं वाटायचं. पुढे दरवर्षी आमचीच जोडी. मला फुगडीइतकं दुसरं काही आवडत नाही. सगळं घर गरगर फिरतं आणि समोरचं एक तोंड तेवढं जागच्या जागी राहतं. असं का होतं, हे मी नववीच्या वर्गाला नेहमी विचारते आणि उत्तर मिळालं तरी मला त्याचं नवल वाटतच राहतं.

मग माझीच कंबर धरली. मणक्यातली गादी सरकली आहे, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या झाल्या, पट्टा झाला, शेक झाले. शेअर रिक्षाने शाळेत जाताना धामणकर नाक्यापर्यंतचे खड्डे मला तोंडपाठ झाले, कारण प्रत्येक खड्ड्याला कळ थेट पोटरीत उतरायची. त्या वर्षी गौरीला मी खुर्चीत बसून राहिले. सासूबाईंना कितीजणींनी बोलावलं, पण त्या उठल्या नाहीत. पुढच्या वर्षीही तेच झालं. त्यांची पंचाहत्तरी उलटून गेली होती. आमच्या दोघींच्या वाट्याला आता किती गौरी उरल्या असतील, या विचाराने मला दुखण्यापेक्षा जास्त रडू यायचं.

पण मला एक प्रश्नही पडला होता आणि तो गमतीचा होता. पायाळूच्या कमरेला पाय कोणी लावायचा? स्वतःची लाथ स्वतःच्या कमरेला पोचत नाही, हे मी करून पाहिलं. मग दुसरं पायाळू माणूस शोधायला लागले. बाळंतपणाच्या दवाखान्यातली एक ओळखीची नर्स म्हणाली की पोटात बाळ पायाकडून दिसलं की हल्ली डॉक्टर बहुतेक ऑपरेशनच करतात, तेव्हा आता पायाळू कुठून मिळणार? रिक्षात शेजारी बसलेल्या एका यंत्रमाग कामगाराने हिंदीत सांगितलं की त्याच्या मुलखातही हे मानतात, चाचीच पायाळू आहे, पण ती गावाला. म्हणजे आमची जमात देशभर पसरलेली होती आणि संपत चालली होती. विज्ञानाच्या शिक्षिकेला याचं वाईट वाटावं, याचीही मला मजा वाटली.

शेवटी गणेशपुरीजवळच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा पत्ता लागला. सासूबाई आणि मी एसटीने गेलो. आधी गरम पाण्याच्या कुंडावर अंग शेकून घेतलं आणि मग बांधाबांधाने त्यांच्या घरी पोचलो. तर म्हातारबाबा ओसरीवर काठी धरून बसलेले, कंबर काटकोनात. पाय उचलणं सोडा, त्यांना उभंही राहता येत नव्हतं. आम्ही दोघं पायाळू एकमेकांकडे बघून हसत सुटलो. मी हातपाय धुवायला मागे गेले तेव्हा सासूबाई त्यांना खालच्या आवाजात काहीतरी विचारत होत्या. भाताचं विचारत असतील, असं मला वाटलं.

मला मात्र एक गोष्ट खटकली. बांधावरून चालताना कंबर जवळजवळ गप्प होती आणि एसटीत बसल्याबरोबर बोलायला लागली. मग मी तिच्यावर पाळत ठेवली. बसून दुखायची, पडून उठल्यावर सगळ्यात जास्त दुखायची, चालताना कमी. हे कोडं घेऊनच मी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेले. त्यांनी मला पालथं झोपवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या बाजूने होते. मी इतके प्रश्न विचारले की त्यांनी प्लॅस्टिकचा मणका माझ्या हातात देऊन टाकला. मग त्यांनी माझा दिवस विचारला. मी सांगितलं की शाळेतून आल्यावर मी पडून असते, सासूबाई मला पाण्याची कळशीसुद्धा उचलू देत नाहीत. मॅडम म्हणाल्या की ही विश्रांतीच नडतेय. पाठ आखडून कमजोर झालीय, तिला हळूहळू कामाला लावा. त्यांनी मला एका पायावर उभं राहायला सांगितलं. मला जमलं नाही.

घरी येऊन मी सासूबाईंच्या हातातली केरसुणी धरली. त्या सोडेनात. मी ओढतेय, त्या ओढतायत, आणि एकदम त्या रडायला लागल्या.

"माजं दुखनं तुज्या पायातून तुज्यात गेलं, बाय," त्या म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याला इचारलं मी. तो पन म्हनला, जात आसंल. इतकी वर्सं मी खुशाल पालथी पडत व्हते."

तेव्हा मला उलगडलं की गेली दोन वर्षं त्यांनी एकदाही मला पाय लावायला का सांगितलं नव्हतं. त्यांची उसण बरी झाली नव्हती, त्यांनी ती लपवली होती. आणि माझ्या वाट्याची कामं स्वतः वाकून करून माझी पाठ बिघडवली होती. मला राग आला. मणक्याची गादी, नस, सगळं मी त्यांना फळ्यावर शिकवावं तसं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मी शिकवते छान, एवढंच म्हणाल्या. पण अंगण झाडायला मला दिलं.

तिथून हळूहळू फरक पडला. सकाळी तलावाकाठी चालायला लागले. दूध उतू जाईपर्यंत ओट्याला धरून एका पायावर उभी राहायचे, मग ओटा सोडून. एक दिवस जमिनीवर मांडी घालून वाल सोलत बसले आणि सोलून झाल्यावर आपण सहज उठलो, हे मला उठल्यावर कळलं.

यंदा गौरीला दुपारी बायका जमल्या. मी हात पुढे केला. सासूबाई उठल्या आणि उठताना त्यांचा हात कमरेवर गेला.

मी त्यांना पालथं झोपायला सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांचं दुखणं परत मला लागेल, ही भीती त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होती. मणक्यावरचा अख्खा धडा माझ्या जिभेवर होता, तो मी गिळला.

"आई, तेव्हा तुमचं माझ्याकडे आलं असेल, तर आज ते परत देते. घेता?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या लगेच फरशीवर पालथ्या झाल्या.

"दे," त्या म्हणाल्या. "सगलं दे. माजंच हाय ते."

मी एका पायावर उभी राहिले. पाय हवेत धरून थोडा वेळ तशीच थांबले, कारण डोळ्यांपुढे त्यांची पाठ धूसर झाली होती. मग तळवा टेकवला, तीनदा. नमस्काराला वाकले तेव्हा हात थेट त्यांच्या पावलांना लागले.

मग आम्ही हात धरले. पहिले फेरे जपून घेतले, मग पायांना आपोआप आठवलं. घर फिरलं, बायका फिरल्या, गौर फिरली. समोर त्यांचं तोंड तेवढं जागेवर होतं, बोळकं, हसणारं. मी विचारलं, दुखतंय का कुठे?

"दुखूं दे," त्या म्हणाल्या. "तू फिर."