रिकाम्या डबीची सबब

माझगावच्या आमच्या चर्चमधून आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेत पवित्र केलेली भाकरी, नेऊन देण्याची सेवा गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. रविवारची मिस्सा संपली की धर्मगुरू चार आजाऱ्यांपुरत्या पवित्र भाकरी लहानशा सोनेरी डबीत ठेवतात. ती मी गळ्यातल्या पिशवीत घालून निघतो. त्या भाकरीत प्रभू स्वतः असतो, म्हणून डबी अंगावर असताना वाटेत गप्पा मारायच्या नाहीत, चहाला थांबायचे नाही, असा आमचा रिवाज. ओळखणारे लोक जिन्यात बाजूला होतात. त्यांच्या त्या बाजूला होण्याची मला चटक लागली होती, हे कबूल करतो.

माझ्या फेरीतले शेवटचे घर घोडपदेवच्या एका चाळीत. गोदीत आयुष्य काढलेले एक वृद्ध तिथे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांच्या पत्नीला मी मावशी म्हणतो. स्टुलावर पांढरे कापड, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला मांडून त्या वाट पाहत असतात. गेल्या उपवासकाळातल्या एका रविवारी वृद्धांनी ख्रिस्तशरीर स्वीकारले, आम्ही प्रार्थना म्हटली आणि मी उठत असतानाच खोलीत दुर्गंधी पसरली. मावशींनी हळूच विचारले, "जरा धरशील का यांना? चादर काढते. माझ्या एकटीच्याने वळत नाहीत."

मी छातीवरच्या पिशवीवर हात ठेवला. "मावशी, अंगावर डबी आहे."

"हो रे, माझं लक्षच नाही. देव क्षमा करो मला," असे म्हणून त्यांनी शेजारणीला हाक मारली. बौद्ध कुटुंबातली ती बाई कणीक मळत होती. हात धुऊन आली, पदर खोचला आणि "काय बाबा, आज पोहायला निघालात?" म्हणत तिने त्यांना अलगद कुशीवर वळवले. म्हातारे हसले. मग ती मला म्हणाली, "तुम्ही सरका जरा, देवमाणूस. बादली आणायचीय."

मी सरकलो, आणि तसाच जिना उतरलो.

पुढच्या शुक्रवारी पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा मी 'सेवेत कुचराई' एवढेच म्हणालो. आमचे धर्मगुरू माझ्याहून वीस वर्षांनी लहान. "कसली कुचराई?" त्यांनी विचारले. मी सांगितले.

"ते शेवटचं घर होतं ना?"

"हो, फादर."

"म्हणजे डबी रिकामी होती."

रिकामी होती, आणि ते मला ठाऊक होते. किळस माझी होती. ती मी प्रभूच्या नावावर खपवली होती. त्याहून वाईट म्हणजे माझ्या खोटेपणापायी एका थकलेल्या बाईने स्वतःलाच दोषी ठरवून देवाची क्षमा मागितली होती.

"प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितली असती, पण ती तर तुम्ही म्हणताच," फादर म्हणाले. "मावशींना खरं सांगून या."

मंगळवारी सकाळी गेलो. अवेळी मला दारात पाहून मावशी दचकल्या. मी उभ्यानेच सारे सांगितले. त्या धुतलेल्या चादरीची घडी घालत राहिल्या. "वास सगळ्यांनाच येतो रे," शेवटी म्हणाल्या. "मलाही येतो."

त्यांनी मला क्षमा केली की नाही, हे मी विचारले नाही. चादर बदलायला आजही हात लागणार होता. मी खाटेजवळ गेलो, तर म्हाताऱ्यांनी भिंतीकडे तोंड वळवले. "तू नको. तू प्रार्थनेला येतोस. लाज वाटते मला."

"मलाही वाटते," मी म्हणालो.

त्यांनी भिंतीकडून तोंड वळवून माझ्याकडे पाहिले. मग चांगला हात त्यांनी माझ्या खांद्यावर टाकला. मी ओढले आणि ते कण्हले. दारातून शेजारीण म्हणाली, "ओढू नका हो. कमरेखाली हात घाला, आणि आधी सांगा त्यांना."

मी त्यांना सांगितले, आणि कमरेखाली हात घातला.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी जातो. उंबऱ्यावर अजून श्वास रोखला जातो. मावशींना ते दिसते, आणि त्या खिडकी उघडतात.