खंडेनवमीची बंदूक

ती घटना आजही आठवली की शरम वाटते. महायुद्ध नुकतेच संपले होते. मी तासगावकडच्या एका ठाण्यात फौजदार होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या घरात बिनपरवान्याची बंदूक आहे, अशी खबर आली. खबर देणारा त्याच्या बांधाला लागूनचा शेजारी. असल्या खबरी शेजारीच देतात, आणि बहुधा खऱ्या निघतात.

बंदूक म्हाताऱ्याच्या मुलाची. मुलगा पलटणीत होता. रजेवर आला की उसातली डुकरे हाकायला म्हणून त्याने रीतसर परवाना काढला होता. तो ब्रह्मदेशात बेपत्ता झाला आणि पुढे 'मृत समजावे' असे सरकारी पत्र आले. माणूस गेला की परवाना संपतो, वारसाने हत्यार ठाण्यात जमा करायचे असते. म्हाताऱ्याने केले नाही. आम्ही झडती घेतली, कडब्याची गंज उलथली, काही सापडले नाही.

मग मला अक्कल सुचली. फौजी घरातले हत्यार वर्षभर लपेल, पण खंडेनवमीला पूजेसाठी बाहेर येणारच. आमच्याही घरी तीच रीत. त्या सकाळी पंचांना घेऊन बुटांसकट आत शिरलो. पाटावर बंदूक, वर झेंडूची माळ. म्हातारी नैवेद्याचे ताट घेऊन तशीच उभी राहिली.

ठाण्यात मी त्याला वाट काढून देत होतो. "बाबा, मुलगा वारला, नियम ठाऊक नव्हता, आता बंदूक जमा करतो, एवढा जबाब द्या. खटला भरत नाही."

"आवं सायेब, त्यो वारल्याला कुणी बघितलाय?"

"सरकारचं पत्र आहे!" मी टेबलावर हात आपटला.

"मग सरकारनं समजावं. माझ्या तोंडानं मी पोराला मारणार न्हाई. भरा खटला."

कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. त्याला कैद झाली, बंदूक सरकारजमा झाली. कायदा चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. मोकाट बंदुकांनी काय होते ते मी पाहिले आहे. पण माणसांच्या रीती ठाऊक असल्या म्हणून त्यांचा फास करायचा नसतो, हे मला फार उशिरा कळले.

शिपाई त्याला नेत असताना तो माझ्यापाशी थांबला.

"सायेब, तिला तेवढं तेल देत जावा. पोरगं आलं आन् गंजल्याली दिसली, तर मला लय बोलंल."

जप्त हत्यारे मोडीत निघतात, हे मला ठाऊक होते. मी खाली बघून 'देतो' म्हणालो.