गिरणीतली पोर, इनामदाराची लेक

चूक माझीच होती. पडद्यावर एक लिहिलेलं होतं आणि मी वाचलं भलतंच.

मूकपटाचे दिवस. सोलापूरच्या थेटरात चित्रं हलायची, बोलायची नाहीत. कोण काय म्हणालं ते मध्येच पडद्यावर अक्षरांत उमटायचं. मागं खुर्च्यांवर बसणाऱ्यांना ते वाचता यायचं. पुढं जमिनीवर आम्ही गिरणीची माणसं. आम्हाला एक वाचणारा लागायचा. तो मी. भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, अक्षरं आली की मोठ्यानं वाचायचं. बदल्यात मला आणि बायकोला फुकट प्रवेश. चार यत्ता शिकलो होतो. आमच्या महारवाड्यात तेवढ्यावर माणूस मास्तर व्हायचा. गिरणीत मी कापसाचे गठ्ठे ओढायचो, पण लोक मास्तर म्हणायचे आणि मी खुशाल ओ द्यायचो.

त्या दिवशीचा खेळ एका कादंबरीवरचा होता, आणि ती कादंबरी माझ्याकडं होती. रद्दीवाल्याकडून आणलेली. पुठ्ठा नाही, सुरुवातीची पानं नाहीत. गिरणीत सुताच्या कांड्या भरणारी एक पोर आणि पुण्याला कॉलेजात शिकणारा वकिलाचा मुलगा. दोघंही ऐन विशीतली. त्यांचं प्रेम जमतं. सगळ्या महारवाड्यानं ती गोष्ट माझ्या तोंडून ऐकलेली. पहिली पानं नव्हती म्हणून सुरुवात मीच रचली होती. तीत मुलाला एक पांढरा घोडा दिला होता. त्यामुळं खेळ सुरू झाल्यापासून पुढच्या रांगेतला म्हातारा दर दोन मिनिटांनी विचारत होता, "मास्तर, घोडा कुटं हाय?"

"येईल," मी म्हणत होतो. "खातोय चारा."

मग तो प्रसंग आला. दुपारची वेळ, मुलगा पोरीच्या दारात उभा. पुस्तकातली ही जागा मला तोंडपाठ. अक्षरं उमटली तशी मी मान वर करून, डोळे मिटून ठणकावून बोललो:

"मला तुझ्या हातचं पाणी चालतं. माझ्या घरच्यांना चालेल का, ते मी त्यांनाच विचारणार आहे!"

मागं खुर्च्यांतून हशा फुटला. मी डोळे उघडले. पडद्यावर लिहिलं होतं, 'आज ऊन फार आहे.'

शुक्रवार पेठेतले एक वकील खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत होते. पांढरी टोपी, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. ते हसता हसता उभे राहिले.

"मॅनेजर, अहो, ह्याला वाचता कुठं येतंय? कुणाकडून तरी ऐकून घोकलंय ह्यानं. ह्यांच्यात वाचणार कोण?"

मॅनेजर माझ्याकडं बघायला लागला. रीळ संपलं, दिवे लागले. वकिलांनी वर्तमानपत्र माझ्या पुढ्यात टाकलं. हातात दिलं नाही, टाकलं. जमिनीवर.

"उचल. वाच."

मी तिशी ओलांडलेला माणूस. दोन पोरांचा बाप. वाकलो. उचललं. वर जे पान आलं त्यावर केसाच्या तेलाची जाहिरात होती. ती वाचली. सगळी. डोकं थंड राहतं, झोप गाढ लागते, स्मरणशक्ती वाढते. शेवटी बाटलीची किंमतसुद्धा वाचली.

खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. दरवेशाचं अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं की वाजवतात, तशा. मी पेपर परत द्यायला पुढं केला.

"राहू दे तुलाच," वकील म्हणाले आणि हात मागं घेतला.

आता खरं सांगायचं तर ह्या सगळ्याहून वाईट गोष्ट पुढं आहे. मी हसलो. हसून त्यांना नमस्कार केला. परीक्षा पास झाल्यासारखा. पलीकडं बायकांच्या बाजूला माझी बायको बसली होती. तिनं ते बघितलं आणि मान खाली घातली.

दिवे गेले. पेटी-तबलावाले पुन्हा सुरू झाले. मी त्या तेलाच्या जाहिरातीचा पेपर काखेत धरून वाचत राहिलो. या खेपेला डोळे उघडे ठेवून. आणि जसजसं वाचत गेलो तसतसं कळत गेलं की हा खेळ पुस्तकाचा नव्हेच. पुस्तकातली पोर सावळी, पडद्यावरची पिठासारखी गोरी. पुस्तकात तिच्या बोटांना सुतानं चिरा पडलेल्या. पडद्यावरची बोटं अशी की त्यांनी कधी दोरा ओवला नसावा. पुस्तकात मुलगा बापाशी भांडतो. पडद्यावर तो झाडाला टेकून उसासे टाकतो. तरी मी मनात म्हणालो, असू दे. शेवट येऊ दे.

शेवटाची आमची सगळी माणसं वाट बघत होती. पुस्तकात मुलाची आई पोरीला दारात अडवते आणि विचारते, 'तुझं कूळ काय?' पोर दोन्ही हात पुढं करते. 'हे बघा. ह्यावर जगते मी. दुसरं कूळ मला ठाऊक नाही.' आणि दोघं निघून जातात. घरचे मुलाच्या नावानं आंघोळ करतात. ही दोघं दुसऱ्या गावी एक खोली घेतात, संसार मांडतात. बस. एवढंच. माझी बायको स्वतः गिरणीत कांड्या भरायची. तेवढं पान ती माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घ्यायची. एकदा तर चुलीवर भाकरी करपली, तरी म्हणाली, "हातांचं परत वाचा."

तर पडद्यावर दार आलं. आई आली. पोर आली. तिनं हात वर केला. बायकांच्या बाजूला चुळबूळ झाली, "आता बग, आता बग." आणि त्या गोऱ्या हाताच्या दंडावर एक सोन्याचा ताईत दिसला. आई किंचाळल्यासारखी मागं सरली. अक्षरं उमटली.

'ही गिरणीतली पोर नव्हे! ही तर इनामदारांची हरवलेली कन्या! कुलीन रक्त कधी लपत नाही!'

माझं तोंड उघडलेलं तसंच राहिलं.

"वाचा की, मास्तर!" म्हातारा ओरडला. "काय म्हन्ती ती?"

बायकांतून कुणीतरी हाकारलं, "हात दावून काय म्हन्ती?"

मी बायकोकडं बघितलं. पडद्याच्या उजेडात तिचा चेहरा दिसत होता. मांडीवर हात पालथे. ती वाट बघत होती. तिनं ऐकायचं काय? हेच, की गिरणीतल्या पोरीवर कुणी जीव लावत नसतं, लावला तर ती मुळात गिरणीतली नसतेच? आणि ते माझ्या तोंडून?

मी तोंड मिटलं.

"संपलं वाटतं घोकलेलं!" मागून वकिलांचा आवाज. पुन्हा हशा.

मॅनेजर अंधारातून चाचपडत आला. "ए, वाच ना. लोक खोळंबलेत."

"नाही वाचत."

"येत नाही?"

"येतंय. वाचत नाही."

"मग बाहेर हो. पुन्हा इथं दिसू नकोस."

मघाशी परीक्षा घेतली तेव्हा वाचून दाखवलं होतं. आता न वाचता नापास झालो. पुढं कैक दिवस गिरणीच्या फाटकात पोरंटोरं विचारायची, "मास्तर, आज ऊन फार हाय का वो?" विचारू देत. त्या दिवशी दारातून बाहेर पडताना मात्र माझी मान ताठ होती. काखेतला पेपर मी गटारात टाकला. मनाशी ठरवलं, आपल्या माणसांना खाली ओढणारं अक्षर या तोंडातून यायचं नाही. कुणासाठीच नाही. फुकट प्रवेशासाठी तर नाहीच.

बाहेर पायरीवर बसलो. वाटलं, बायको मागोमाग येईल. आली नाही. सगळा खेळ बघून, गर्दीबरोबर सावकाश आली. मला जरा राग आला. आपण एवढा पराक्रम केला आणि ही आपली शेवटपर्यंत खेळ बघते!

दोघं चालायला लागलो. थेटर मागं पडलं. मग ती म्हणाली, "शेवटाला पोरगी जरीचं लुगडं नेसून पालखीतनं आली. का ते कळलं न्हाय. तितं काय लिवलं होतं?"

सांगितलं. इनामदार, ताईत, रक्त, सगळं. सांगून झाल्यावर तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. शाबासकीच्या आशेनं, दुसरं काय.

ती रस्त्यात थांबली.

"म्हंजी त्यांनी आमची पोरगी पळवली."

"व्हय. म्हणून तर मी वाचलं नाही."

"आन तुमी त्यांची चोरी झाकून ठिवली."

"अगं, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून—"

"वाईट वाटून घ्यायचं का शिव्या द्यायच्या, ते आमचं आमी बगू की. तितं समद्या बाया माज्या तोंडाकडं बगत होत्या, काय झालं, काय झालं. मला तरी कुटं ठावं? त्या वकिलाला कळलं, तुमाला कळलं. आमी तेवढं आंदळ्यावानी बसलो." तिनं पदर खोचला आणि चालायला लागली. मागं वळून न बघता म्हणाली, "उद्या पाळी सुटली की आमच्या खात्यातल्या चौगी घरी येतील. आमाला अक्षरं शिकवायची. कुनी काय लिवलंय ते आता आमी आमच्या डोळ्यांनी बगनार. तुमच्या तोंडावर इसंबून ऱ्हायाचं न्हाय."