ॲसिडने खाल्लेल्या वस्तूंचं कपाट

आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या ऑफिसात येणारं गिऱ्हाईक सहसा रिकाम्या हाताने येत नाही. त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवीत काहीतरी खाल्लेलं असतं. भोकं पडलेला पाइप, आटे झडलेला बोल्ट, अर्धवट विरघळलेला वॉल्व. टेबलावर ठेवतं आणि विचारतं, "बेन, हे असं कसं झालं?"

आम्ही केमिकल कारखान्यांना पाइप, पंप, टाक्या पुरवतो. कुठल्या केमिकलला कुठलं मटेरियल टिकेल हे सांगायचं काम माझं. मी मेटलर्जी शिकले. वडील धुळ्याहून इथे मिलमध्ये आले, मी जन्माने सुरतची. आमचे मालक कनुभाई पक्के गुजराती, पण लहानपण खानदेशी शेजाऱ्यांत गेल्यामुळे मराठी फर्डं बोलतात. ते त्या खाल्लेल्या वस्तू फेकत नाहीत. एका काचेच्या कपाटात लावून ठेवतात. कोणी नवीन माणूस आला की तो कपाटासमोर उभा राहतो, "हे काय?" म्हणतो, आणि झालं! चहा मागवला जातो आणि पुढचा तासभर कामाचं नाव नाही.

आता सगळं कपाट काही सांगत बसत नाही. निवडक ऐका.

•

पांडेसऱ्याला एक कापड रंगवणारे, डाइंगवाले शेठ आहेत. स्वभावाने राजा माणूस, पण हट्टी. त्यांना हायड्रोक्लोरिक ॲसिड साठवायला टाकी हवी होती. मी म्हटलं, "शेठ, प्लास्टिकची घ्या. किंवा आतून रबर लावलेली."

शेठनी तोंड वाकडं केलं. "प्लास्टिक? बेन, मला स्टेनलेस पाहिजे. चमके छे, एटले सारूंज होय ने!"

चमकतं म्हणजे चांगलंच असणार! मी परोपरीने सांगितलं की हे ॲसिड स्टेनलेसला सोडत नाही. कनुभाईंनीही सांगितलं. शेठनी आमचा चहा प्यायला आणि टाकी दुसरीकडून घेतली. नारळ फोडला, पेढे वाटले, आम्हालाही पेढे आले.

पावसाळा संपायच्या आत शेठ परत दारात! आवाज एकदम मऊ. "बेन, ती तुमची काळी प्लास्टिकवाली दाखवा जरा."

कनुभाईंनी निरागस चेहऱ्याने विचारलं, "आणि ती स्टीलची टाकी कुठे आहे?"

शेठ म्हणाले, "अर्धी कारखान्यात आहे. अर्धी ॲसिडात आहे!"

•

फोनवर रोज एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, सगळ्यात बेस्ट मटेरियल कुठलं?"

"कशासाठी?"

"सगळ्यासाठी!"

एकदा कनुभाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "भाई, घरातल्या सगळ्यांना पसंत पडेल असा जावई तुम्हाला मिळाला का? मिळाला की सांगा, त्याचेच पाइप बनवू!"

•

हा किस्सा 'सगळ्यात महाग तेच बेस्ट' म्हणणाऱ्याचा. एका कंपनीत नवीन पर्चेस मॅनेजर आला. तरुण, हुशार, टाय लावणारा. सुरतच्या उन्हात टाय लावणं ही हिंमतच! क्लोरीन गॅसची लाइन टाकायची होती. म्हणाला, "बजेटची चिंता नको. सगळं टायटॅनियममध्ये द्या."

टायटॅनियम म्हणजे आमच्याकडचा हिरा. ऐकूनच आमच्या सेल्सवाल्याचे डोळे चमकले. मी मध्येच विचारलं, "क्लोरीन ओला आहे की कोरडा?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, गॅस आहे. गॅस ओला कसा असेल?"

"असतो. पाण्याची वाफ असली की ओला. जा, विचारून या."

दुसऱ्या दिवशी फोन आला. "मॅडम, कोरडा आहे. मी विचारलं. प्लँटवाले माझ्यावर हसले."

"मग टायटॅनियम नको. ओल्या क्लोरीनला ते उत्तम. कोरड्या क्लोरीनमध्ये पेट घेतं. चक्क जळतं. तुम्ही साधा लोखंडी पाइप घ्या, फक्त पाण्याचा अंश आत जाऊ देऊ नका."

पलीकडून बारीक आवाज, "पण मॅडम, मी चेअरमनसाहेबांना टायटॅनियम सांगून बसलोय. आता साधं लोखंड कसं सांगू?"

स्पीकरवर ऐकत बसलेले कनुभाई ओरडले, "सांगा की कंपनी जळता जळता वाचवली. वर इन्क्रिमेंट मागा!"

त्याने खरंच मागितलं. आणि मिळालं!

•

सुकदेव आप्पा आमचे फिटर. पारोळ्याकडचे. कारखान्यात सगळ्यांशी हिंदी-गुजराती बोलतात, पण घाबरले किंवा खूश झाले की अहिराणी सुरू. त्यांच्या घरचा फोन म्हणजे सहसा खुशीचा असतो, म्हणून त्या रविवारी मी आरामात उचलला.

"ताई! पातेलं उकळी राह्यनं, पन खाले गॅसच नही!"

मला काही कळेना. मग कळलं. आप्पांच्या बायकोच्या, वत्सलावहिनींच्या बचतगटाने घरी साबण करायचा बेत केला होता. कॉस्टिक सोडा आणला, पाण्यात कालवला. आणि कशात? घरातल्या सगळ्यात मोठ्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात!

मी खुर्चीतून उठलेच. "आप्पा, सगळ्यांना बाहेर काढा! खिडक्या उघडा. काडी पेटवू नका, लाइटच्या बटणालाही हात लावू नका. पातेल्याला कोणी शिवायचं नाही!"

"काय व्हयनं ताई?"

"तो सोडा भांडं खातोय आप्पा. त्यातून हायड्रोजन निघतो. ठिणगी पडली तर घर उडेल!"

मी स्कूटर काढून पोहोचले तेव्हा सगळ्या बाया खाली रस्त्यावर उभ्या होत्या आणि आप्पा जिन्यात हात पसरून पहारा देत होते. कोणाला काही झालं नव्हतं, देवाची कृपा. फेस निवला, हवा मोकळी झाली, मग मी हातमोजे घालून सगळं आवरलं. पातेल्याच्या बुडाचा पत्ता नव्हता.

वहिनींनी ते पातेलं उजेडात धरलं, त्यातून आरपार माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "साबन काई व्हयना नही ताई, पन भांडं असं धोवाई गयं का आते दिसत बी नही!"

त्यांचा साबण आता स्टीलच्या पातेल्यात होतो. छान होतो. मी तोच वापरते.

•

सुरतजवळच्या सचिन गावातल्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारे शहाभाई होते. त्यांच्या खिशात कायम लोहचुंबक. माल आला की चुंबक लावायचे. चिकटला नाही म्हणजे स्टेनलेस, पास! मी किती वेळा सांगितलं की हलक्या ग्रेडचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. "चालशे बेन, चालशे," म्हणायचे.

एक दिवस कनुभाईंनी तो चुंबक मागून घेतला आणि स्वतःच्या घराच्या पितळी किल्लीला लावला. चिकटला नाही. "घ्या शहाभाई. माझी किल्लीपण स्टेनलेसची!"

ते मात्र लागलं. शहाभाईंनी कंपनीच्या मागे लागून धातू तपासायचं मशीन घेतलं. पिस्तुलासारखं असतं, वस्तूवर धरलं की आत काय काय धातू आहेत ते सांगतं. महिनाभर शहाभाई त्या मशीनच्या प्रेमात. गेटची कडी तपासली, कँटीनचे चमचे तपासले, मॅनेजरसाहेबांचं घड्याळ तपासलं.

मग एकदा भेटले तर चेहरा उतरलेला. मी विचारलं, "काय झालं? मशीन चुकीचं दाखवतं का?"

"नाही बेन. फार बरोबर दाखवतं." त्यांनी बोट पुढे केलं. "सासऱ्यांनी लग्नात घातलेली अंगठी तपासली!"

•

आता शेवटचा. हा सांगताना कनुभाई चहाचा कप खाली ठेवतात.

हजिऱ्याच्या बाजूला एक प्लँट आहे. तिथे तीव्र नायट्रिक ॲसिडची नवीन लाइन आमच्याकडून गेली होती. स्टेनलेसचा पाइप, दोन पाइपांच्या जोडात गळू नये म्हणून टेफ्लॉनची चकती, म्हणजे गॅस्केट. सुरू करायच्या सकाळी आप्पा माझ्याकडे आले. "ताई, एक गॅस्केट फाटनं." जास्तीचं शिल्लक नव्हतं. मुंबईहून यायचं होतं.

प्लँटचे हेड मेहतासाहेब. कडक माणूस, वरून सारखे फोन येत होते. त्यांनी स्टोअरमधून काळं रबर मागवलं. "यातून कापून लावा. दोन दिवस चालशे."

मी म्हटलं, "साहेब, या ॲसिडात रबर टिकत नाही. नाही चालणार."

"बेन, मी तुमच्या वयाइतकी वर्षं प्लँट चालवतोय."

"तरी नाही, साहेब."

त्यांनी तिथूनच कनुभाईंना फोन लावला, स्पीकरवर. "तुमची इंजिनिअर काम अडवतेय. पुढची सगळी ऑर्डर थांबवीन मी!"

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक ते.

कनुभाई म्हणाले, "वैशाली, तू काय म्हणते?"

"नको, कनुभाई."

"मेहतासाहेब, मग नको. ऑर्डर खुशाल थांबवा."

मेहतासाहेबांचा चेहरा लाल झाला. मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, "साहेब, पंप सुरू होताना तुम्ही कुठे असाल?"

"कंट्रोल रूममध्ये. दुसरीकडे कुठे?"

"आणि इथे, या जोडापाशी?"

"ऑपरेटर असेल. परेश."

परेश तिथेच उभा होता. हातात हेल्मेट. आमचं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं. तो मेहतासाहेबांकडे बघत राहिला. मेहतासाहेबांनीही त्याच्याकडे बघितलं.

मग त्यांनी ते रबर उचललं आणि स्टोअरवाल्याच्या हातात परत दिलं. "गॅस्केट येऊ दे."

गॅस्केट आलं. आप्पांनी ते बसवलं. आधी पाणी सोडून बघितलं, एक थेंब गळला नाही. मग ॲसिडची वेळ आली. परेश ॲसिडपासून वाचवणारा पूर्ण सूट आणि तोंडावर पडदा चढवून जोडापासून थोड्या अंतरावर उभा राहिला. आम्ही सगळे मागे सरकलो.

तेवढ्यात मेहतासाहेब आले. तसाच सूट, तसाच तोंडावरचा पडदा. येऊन परेशच्या शेजारी उभे राहिले.

परेश गडबडला. "साहेब, तुम्ही आत जा ना. इथे फार उकडतं."

"हो हो, जातो," मेहतासाहेब म्हणाले, आणि तिथूनच, कंट्रोल रूमला पंप चालू करायची खूण म्हणून, त्यांनी हात वर केला.