आडवा नकाशा

सर जगाचा नकाशा आडवा टांगायचे. पूर्व वर, उत्तर डावीकडे. चौसाळ्याच्या शाळेत त्यामुळे त्यांचं नावच ‘आडवे सर’ पडलं होतं.

“जुन्या युरोपात नकाशा असाच काढत,” ते सांगत. “स्वर्ग पूर्वेला, म्हणून पूर्व वर. मधोमध जेरुसलेम, कारण त्यांची श्रद्धा तिथं. अंतरं चुकायची, पण माणसांना काय जवळचं वाटतं ते चुकायचं नाही.”

“आन आपण कुठं, सर?”

“वर, स्वर्गाच्या बाजूला. तिथं ते कुत्र्याच्या तोंडाची माणसं काढत.”

“बाळ्या, तुजाच फोटो हाय बे!” मागून कुणीतरी ओरडलं. सरही पोट धरून हसले.

रिकामी जागा असते, हे त्या जुन्या लोकांना पटतच नसे, असं ते वारंवार सांगत. त्यांच्या लेखी सगळी जागा भरलेली, प्रत्येक वस्तूला तिची जागा. दगड खाली पडतो तोही आपल्या जागी जायला. पुढं दर्यावर्दी आले, व्यापारी आले, तोफा आल्या. “जागा मोजायची गरज पडली आणि ती रिकामी दिसायला लागली. मग दूरचे मुलूख नकाशावर कोरे ठेवले, आणि तिथं कुणी राहतच नाही असं धरून ते निघाले.” मी हे परीक्षेसाठी पाठ केलं, आणि पुढं भूमापक झालो.

निवृत्तीनंतर सर गायरानावरच्या ऊसतोड्यांच्या वस्तीलगत राहू लागले. दिवाळी झाली की ही वस्ती कारखान्यांकडे जाते. घरांचे पत्रेही ट्रॅक्टरवर चढतात. उसाच्या फडावर खोपी उभारायला तेच लागतात. मागे नुसत्या भिंती. अशातच गायरानावर सौर प्रकल्प ठरला आणि मोजणी माझ्याकडे आली.

सर कचेरीत आले. “गुढीपाडव्यापर्यंत थांब रे. माणसं येऊ दे.”

मी वरिष्ठांना कारणं देत मोजणी पुढं ढकलत राहिलो. शेवटी वरून ताकीद आली आणि मी गेलो. सर माझ्यापुढं चालत होते. “ही सोनाबाईची चूल. हे न्हाणीघर. इथं तिची सून बाळंत झाली.” मोजणीच्या नियमानं छप्पर असेल तरच घर धरायचं होतं. मी ‘रिकामी जागा’ असं लिहिलं. सरांनी चष्मा लावून ते वाचलं.

“मोजणी बरोबर आहे तुझी,” ते म्हणाले. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

पाडव्यानंतर ट्रॅक्टर परतले तेव्हा तारेचं कुंपण उभं होतं. आत निळ्या काचांच्या रांगा. डोक्यावर पत्रा घेतलेल्या सोनाबाईनं विचारलं, “सर, आमचं दार कुठं हाय वो?” सर कुंपणाच्या कडेनं चालत गेले, एका जागी थांबले आणि आत बोट दाखवलं. बाईनं पत्रा तिथंच रस्त्यावर ठेवला आणि बसली. मी जीपमधून उतरलो नाही.

वस्ती पांगली. सर लेकीकडे कायमचे निघाले तेव्हा मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडीची वाट पाहताना भेटले. मला माफी मागायची होती. तोंडातून भलतंच निघालं.

“सर, युरोपातल्या त्या लोकांना त्यांची भरलेली जागा पुन्हा कधी मिळाली का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जुना विद्यार्थी काही विचारतोय म्हणून क्षणभर त्यांचे डोळे उजळलेही. मग त्यांनी पिशवी उचलली.

“मिळाल्याचं माझ्या वाचनात नाही,” ते म्हणाले आणि गाडीत चढले.