खुर्चीच्या उंचीची गाडी

भूगावच्या आमच्या सोसायटीतून गाडी बाहेर पडली तेव्हाच मला परत फिरावंसं वाटत होतं. मी मुळातच घाबरट. आमच्या मूळ गावची, बार्शीची मंडळी हे वाचून हसतील, पण मला उड्डाणपुलाचीसुद्धा भीती वाटते. त्यात शेजारच्या सीटवर माझे वडील, आप्पा, खिडकीकडे तोंड करून बसलेले. एसटीवर जन्म काढलेल्या या ड्रायव्हरचे पाय मणक्याच्या दुखण्यानं गेले आणि ते चाकाच्या खुर्चीत आले. खुर्चीतून गाडीत जायला मध्ये गुळगुळीत लाकडी पाट टाकतात आणि हातांच्या जोरावर पलीकडे सरकतात. आमची गाडी पडली उंच. पाट चढा लागतो आणि आप्पा अर्ध्यावरून घसरतात. मग वॉचमन आणि आणखी कोणीतरी त्यांना बगलेत धरून आत ठेवतात. या उचलाउचलीपायी त्यांनी दवाखाना सोडून कुठंही जाणं बंद केलं होतं. हा माणूस आता त्या खोलीतच संपतो की काय, या धास्तीनं मी गाडीच खुर्चीच्या उंचीला खाली बसवायची ठरवली.

पिरंगुटच्या घाटात पुढे कंटेनर, मागे कंटेनर. मी स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की आप्पांनी न बघताच सांगितलं, जरा सैल सोड. घोटावडे फाट्यावरून उजवीकडे वळलं की भरे. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला कारखान्यांच्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या रांगा. अशाच एका रांगेच्या टोकाला दत्ताभाऊंचं गॅरेज आहे. जमीन घरची, शेड घरचं, आणि ओट्यावर बसून सल्ला देणारे चुलतेही घरचेच.

दत्ताभाऊंची एक रीत आहे. गाडी खाली घ्यायची तर ती रिकामी मोजायची नाही. रोज जी माणसं बसतात ती बसवूनच उंची ठरवायची. फोनवरच त्यांनी बजावलं होतं, घरची माणसं घेऊन या. आप्पा आज बाहेर पडले ते एवढ्याच अटीमुळे.

आता निवड. सगळ्यात स्वस्त म्हणजे आहे तीच स्प्रिंग कापायची. चुलत्यांचा कौल त्यालाच होता. पण कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही, आणि चूक कायमची होणार या विचारानंच मी त्यावर फुली मारली. हवेवर वरखाली होणारा सेट आमच्या आवाक्याबाहेरचा. उरले दोन. दोन्हींत शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या नळीवर आटे आणि आट्यांवर फिरणारी कडी. कडं खाली फिरवलं की गाडी खाली, वर फिरवलं की वर. एकात उंचीबरोबर कडकपणाही बदलता येत होता, पण त्याची स्प्रिंग मुळातच ताठ. दुसऱ्यात फक्त उंची. स्प्रिंग मऊ, किंमत झेपणारी, कंपनीचं नाव कधी न ऐकलेलं. हे आटे इथल्या पावसात गंजले तर? कडं वाटेत सुटलं तर? चाक आत घासलं तर? दत्ताभाऊ प्रत्येक प्रश्नाला मान डोलवत होते, त्यामुळे मी जास्तच घाबरले. शेवटी आप्पांच्या मणक्याचा विचार करून मी मऊ स्प्रिंगवर बोट ठेवलं.

काम दुपारपर्यंत चाललं. मग खुर्ची दाराशी लावली, पाट टाकला. पाट आडवा राहिला, अगदी सपाट. आप्पांनी दोन्ही तळवे टेकवले, दात आवळले आणि सरकले. एकदा, पुन्हा एकदा, आणि ते सीटवर होते. कोणीही हात लावला नव्हता. मला रडू आलं. आप्पांनी स्वतःच दार ओढून घेतलं आणि म्हणाले, चल.

नव्या स्प्रिंगांवर गाडी जरा फिरवली की त्या आणखी बसतात, म्हणून दत्ताभाऊंनी मुठे गावापर्यंत फेरी मारून यायला सांगितलं. उरवडं मागे पडलं आणि खिंडीचा चढ सुरू झाला. एरवी वळणांवर गाडी झुकते तशी आज झुकत नव्हती, रस्त्याला धरून जात होती. आप्पा चक्क डोंगर बघत होते. मी मात्र आवाज ऐकत होते. खडा लागला तरी मला कडं सुटल्यासारखं वाटायचं.

खिंड ओलांडल्यावर उताराच्या पायथ्याशी एका वस्तीपुढे गावानं स्वतःच घातलेला ब्रेकर होता. ना पट्टे, ना पाटी. मी हळू घेतलं, पुढची चाकं उतरली, आणि पोटाखालून कर्र आवाज आला. गाडी मधोमध टेकली. पुढची चाकं गरगर फिरली आणि जागेवरच राहिली. आरशात बघते तर वरून एक डंपर वळणावरून उतरत होता, हॉर्न वाजवत. थांबेल ना हा?

थांबला, पण चार हातांवर. समोरच्या टपरीवरून माणसं आली. त्यांना याचं काहीच नवल नव्हतं. सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या बुटक्या गाड्या इथं अशाच बसतात म्हणे, आणि उपाय ठरलेला.

"माणसं उतरवा, ताई. वजन गेलं की गाडी उचलती."

मी उतरले. गाडी तसूभर हलली नाही. एकानं आप्पांचं दार उघडलं.

"बाबा, तुमी बी उतरा."

"त्यांना चालता येत नाही," मी म्हणाले. तेवढ्यात दोघांनी त्यांच्या बगलेत हात घातलेसुद्धा.

"हात काढा," आप्पा म्हणाले. "वैशे, खुर्ची काढ."

मागे डंपर घुरघुरत होता, रस्ता उतरता होता, आणि हे आता खुर्चीत बसणार! खुर्ची सुटली तर थेट खालच्या ओढ्यात. मी खुर्ची काढून तिच्या चाकांचे ब्रेक लावले, उताराच्या बाजूनं दगड लावला, वरून दांडी दोन्ही हातांनी धरली. आप्पांनी पाट टाकून घेतला आणि सगळ्या वस्तीसमोर सावकाश सरकत आले. त्यांचं वजन उतरताच गाडीनं पोट उचललं. माणसांनी ढकलली, ती सुटली. डंपरवाला ब्रेकरवरून गेला आणि जाता जाता आप्पांना हात करून गेला.

मुठ्यात एका घरी जेवणाची सोय होती. तांदळाची भाकरी आणि चिंबोऱ्यांचा (ओढ्यातल्या खेकड्यांचा) रस्सा. ज्वारीवर वाढलेले आप्पा दोन भाकऱ्या जेवले. मी मात्र मनात ब्रेकर मोजत होते. परतीला तोच ब्रेकर होता, आणि पुढच्या प्रत्येक गावात एकेक. मी मनाशी पक्कं केलं, भऱ्याला गेल्या गेल्या गाडी वर घ्यायची. पाट थोडा चढा होईल, आप्पांना थोडा हात द्यावा लागेल. एवढंच ना?

भऱ्याला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. दत्ताभाऊ पान्हा घेऊन वाकले.

"वर घिऊ का ऱ्हाऊ दिऊ?"

"वर घ्या," मी म्हणाले.

"व्हय, वर घेतो. पर मग बाबास्नी सोताहून जमायचं न्हाई."

मी आप्पांकडे पाहिलं. ते सीटवर बसून हात चोळत होते. तळवे लाल झाले होते.

"ऱ्हाऊ दे हाय तशी," आप्पा म्हणाले. "ब्रेकर आला की मी उतरंन."

"आप्पा, प्रत्येक ब्रेकरला?"

"एसटीत शेकड्यानं माणसं चढवली-उतरवली मी. आता मी उतरतो. तू गाडी काढ."

तेव्हापासून गाडी तशीच आहे. सगळ्या ब्रेकरना टेकत नाही, पण ज्यांना टेकते ते मला तोंडपाठ झालेत. मागचे लोक हॉर्न वाजवतात, काही शिव्याही देतात. आप्पा घाई करत नाहीत. या महिन्यात ते मुळशीचं धरण बघून आले, आणि पुढच्या रविवारी त्यांना ताम्हिणी हवी आहे. माझी भीती काही गेलेली नाही. ब्रेकर दिसला की लांबूनच ब्रेकवर पाय जातो. गाडी थांबवते, खुर्ची काढते, आणि मग एकटीच गाडी पलीकडे नेते. आप्पा मागून हातांनी चाकं ढकलत ब्रेकरवरून येतात, दाराशी पोचतात आणि मला सांगतात, दार उघड, अजून लांब जायचंय.